गौरीपुढची पहिली फुगडी

मुठा, ५ ऑगस्ट २०२५

चि. दीपालीस लिलाआत्याचा पोटभर आशीर्वाद.

पत्र धाडलं म्हनून घाबरू नको. फोन लावला की घरातली समदी कान लावून बसत्यात, म्हनून दूधगाडीवाल्या विश्रामच्या हाती चिठ्ठी दिली हाय.

गौरी तोंडावर आल्या. तुजी व्हनारी सासू, रिहे गावची उषाबाई, औंदा आपल्याकडं ओटी घिऊन येनार हाय. पर तिच्या कानाला कुनीतरी लागलंय. म्हनं, पोरीचा पाय कबड्डीत मोडला, आता ती जल्माची लंगडी. माझ्या अंगाची नुस्ती लाही झाली बग! आपल्या आळीची रीत तुला ठावं हाय, गौरीपुढची पहिली फुगडी लगीन ठरल्याल्या पोरीची. तू तिच्यादेखत चार गिरक्या घे, बास. आपरेशनला पाच म्हयनं झालं, जिना चढतीस, मग चार गिरक्यांनी काय व्हतंय?

अन् त्या भिंतीला टेकून उठाबशा काढायचं खूळ सोड. त्यानंच गुडघा झिजंल. तेल लाव अन् गप पडून ऱ्हा. तुज्या आईमागं म्या तुला वाढवलं, माझं येवढं तरी ऐक.

तुज्या वाटंकडं डोळं लावून,
लिलाआत्या

---

लवळे, ९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि.

फुगडी घालणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील. शांतपणे वाचणार नाहीस, ठाऊक आहे मला!

हॉस्टेलवर आम्हा काम करणाऱ्यांच्या कबड्डी-सामन्यात चढाईला गेले, पाय जमिनीत रोवला आणि अंग वळलं. तिथंच गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. फुगडी म्हणजे तेच की गं, फक्त जोडीनं. आता नवीन बसवलंय, ते पक्कं व्हायला निदान नऊ महिने द्यायचेत. व्यायाम शिकवणाऱ्या जुईली मॅडम म्हणतात, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलीस असं समजू नकोस. असा दुखावलेला गुडघा पुष्कळदा पंधरा-वीस वर्षांत झिजायला लागतो, पुन्हा दुखावला तर त्याआधीच. मांडीत ताकद ठेव, वजन वाढू देऊ नकोस, घाई करू नकोस. खात्री त्याही देत नाहीत. पण पडून राहिलं की मांडी वाळते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो, हे त्या छातीठोक सांगतात. म्हणून माझ्या उठाबशा चालूच राहणार. हॉस्टेलच्या पोरी हसतात. हसू देत.

चाळिशीत तुझ्यासारखं भिंत धरून उठायचं नाही मला, आत्या. राग आला तर येऊ दे. उषाबाईंना मी लंगडी वाटले तर वाटू दे. लग्न मोडलं तर मोडलं, गुडघा मोडून घेणार नाही.

आता एक खरं सांग. बाबा म्हणतात, तुझा गुडघा वयानं गेला. मग माझ्या बारशाच्या फोटोत तू जेमतेम पंचविशीची, आणि बाकी सगळ्या बायका खाली बसल्यात, तू एकटीच खुर्चीवर कशी?

ओरडलीस तरी तुझीच,
दीपाली

---

मुठा, १९ ऑगस्ट २०२५

चि. दीपालीस आशीर्वाद.

तुजं पत्र वाचलं. फोटू काढून बगितला. त्यात म्या हसतीया, पर तवा बी गुडघा ठणकत व्हता.

वयानं न्हाई गेला. लग्नाचं दुसरं वरीस. भाताच्या खाचराच्या बांधावरनं घसरले, गुडघ्यात कट्‌ वाजलं. सासूबाई म्हनाल्या, कामाचा कंटाळा हाय, सोंग करतीया. म्या बी हट्टाला पेटले. सुजल्याल्या पायानं गौरीपुढं फुगडी घातली, तिला दावायला. तिसऱ्या गिरकीला गुडघा निसटला. व्हट चावून हसत उभी ऱ्हायले. मग भातकापणी त्याच पायावर, अन् पुढच्या समद्या भातलावण्या बी. आन् आता तेच तुला करायला सांगत व्हते! माझ्या अकलंला काय म्हनावं गं पोरी?

काल वडापच्या दोन जीपा बदलून रिह्याला गेले. उषाबाईच्या ओसरीवर बसले अन् लुगडं वर करून तिला गुडघा दावला. म्हनलं, ह्यो फुगडीचा गुडघा. सून अशी पायजे आसंल तर आताच सांगा, सुपारी माघारी घ्या. आमची पोरगी पाय जपतीया, लपवीत न्हाई. बाईनं च्या तेवढा दिला. काय ठरवायचं ते ठरवू दे तिला.

तू गौरीला ये. पहिली फुगडी दुसरी कुनी बी घालंल. म्या अंगनात दोन खुर्च्या मांडते, एक तुजी, एक माजी. बाया फुगड्या घालत्याल तवा आपन समद्यांच्या म्होरं पाय उचलायचं. तुज्या म्याडमचा व्यायामाचा कागूद मागं हितं ऱ्हायला व्हता, त्यातलं चित्र बगून म्या सुरू केलंय. धा सांगितल्यात, म्या आठावर दमते. ऱ्हायल्यालं दोन तू मोज.

लंगडी हाय, पर आता लपवीत न्हाई, अशी
तुजी लिलाआत्या