ठकीच्या अंगातलं पाणी

११ एप्रिल १९६३

वही घेतली दिवाळीत, हात लावतोय आज! लिहायचं म्हटलं की माझे पाय शिवशिवतात. मग कधी ट्रकवर क्लीनर, कधी चिकूच्या वाडीत पाट्या उचलायला. आज डहाणूतच आहे. ठकीचं कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

परवा विवळवेढ्याच्या जत्रेत भेटली. माझी थोरली बहीण. बरोबर सासू जानी, कडेवर तान्हं. मी मौतच्या कुव्यात फटफटी बघत होतो — बाई चालवत होती, हात सोडून! — असो. ठकीभोवती बायका जमलेल्या. "अगो, अंग भरलं की! सासर मानवलं!" जानीचा चेहरा बघण्यासारखा. जसं काही सून तिनंच घडवली.

पाय केळीच्या खांबासारखे. पण चार पावलं चालली की बसत होती. हीच ठकी मला मागे टाकून डोंगर चढायची.

"झोप लागते का?" मी विचारलं.

"आडवी झाले की बुडाल्यासारखं होतं रे, लडक्या. बसूनच डोळा लागतो."

१४ एप्रिल

बाजार दाखवतो असं जानीला खोटं सांगून ठकीला डाक्टरकडे आणलं. त्यानं छातीवर बोटं वाजवून पाहिली, फणस पिकलाय का बघतात तशी. मग मला एकट्याला आत बोलावलं. काळीज मोठं झालंय, ताणून ढिलं पडलंय, बाळंतपणानंतर होतं कधी कधी. अंगावर दिसतंय ते मांस नाही, पाणी. ते सुईनं काढू. काळजाला जोर यायला रोज गोळी, चुकवायची नाही. मीठ बंद. सुकी मासळी बंद.

"बरी होईल ना?"

डाक्टर चष्मा पुसत म्हणाला, "गोळी चालू राहिली तर काही वर्षं निघतील. पोर तरी हाताशी येईल. सोडली तर पावसाळा निघायचा नाही."

ठकी बाहेर बर्फाचा गोळा खात बसली होती. ओठ लाल. पाणी आहे, निघेल, म्हटलं. बाकीचं गिळलं.

२३ एप्रिल

तलासरीजवळच्या तिच्या पाड्यावर जाऊन बघून आलो. सुई लागू पडली! पाणी निघून गेलं, ठकी आडवी होऊन झोपते! बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. गाल बसलेत. हसली पण.

४ मे

तलासरीला गेलो, तिथून चालत पाड्यावर. गोळ्यांची नवी पुडी घेऊन. जानीनं अंगणातच अडवलं.

"जत्रेत कशी होती माझी सून! आता बघ, सुकट झाली सुकट! तुझ्या डाक्टरनं रस काढून घेतला पोरीचा!"

भगतानं सांगितलंय — आधी पाणी काढलं, आता रक्त काढतील. आधीच्या गोळ्या चुलीत गेल्या. नवी पुडीही हिसकावली. ठकीचा नवरा काकड्या बिडी ओढत बसला होता. "आई सांगेल ते."

जानीला आई-बहिणीवरून शिव्या देत परत आलो. वाटेत ताडी. तिथं एक गारुडी भेटला, त्याच्याकडे — जाऊ दे.

१९ मे

ठकी पुन्हा 'भरली'. जानी खूश! मी ठकीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तसाच राहिला.

"मावशे, मांस असं खचतं का?"

जानीनं लुगड्याचा काठ त्या खड्ड्यावर ओढला. मग म्हणाली, "तू फिरस्ता. घरात बसशील तर कळेल माणूस कसं भरतं ते."

ठकीला हळूच म्हटलं, चल माझ्याबरोबर, आत्ताच. ती एकेक शब्दाला थांबत बोलली. "पोर नाय देणार ती. पोराशिवाय नाय येत मी." गोळ्या पदरात बांधू म्हटलं तर, "ती सगळं हुडकते."

२७ मे

ट्रकवाल्या भाईनं हाक मारली, "चाल ने लडक्या, सुरत!" नाही गेलो. मलाच नवल वाटलं.

३१ मे

ठकीच्या पाड्यावरचा काळ्या मला बाजारात भेटला. म्हणतो, भिंतीला टेकून बसलेली असते रात्रंदिवस. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. बोलत नाही. पोराला दूध नाही.

"आणि जानी?"

"काय करणार? भगत बसवलाय."

डाक्टरकडे धावलो. म्हणाला, इथं आण, सुई देतो. आणू कशी? उचलून पळवू? पोर सोडून ती यायची नाही. आणि वाटेतच गेली तर?

येताना वखारीपुढे पाय थांबले. लाकडं किती लागतील, असं मनात आलं. थू माझ्या तोंडावर!

२ जून

पाड्यावरून काही निरोप नाही. उद्या जाणार, काय होईल ते होवो. जानीच्या पाया पडेन, नाही ऐकलं तर

दारात बैलगाडी थांबली. जानी स्वतः हाकत आलीय! बाईनं कासऱ्याला हात लावला तर बैल बसतात म्हणणारी जानी! मागे गवतावर ठकी, टेकून बसलेली. छाती हलतेय. मांडीवर पोर. काकड्या नाही, भगत नाही.

"लिहितोस काय मेल्या! डाक्टरचं घर दाखव!"