आधीचं नाव

आई, मुलीने तिच्या पहिल्या पगारातून मला एक खेळ घेऊन दिला आणि तो सुरू करायला मला दोन रविवार लागले. खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा. तू एकदाच चंडीगडला आली होतीस, तेव्हा मी असलाच एक खेळत बसलो होतो. तू लाटणं हातात घेऊन मागे उभी राहिलीस, बराच वेळ पाहिलंस आणि विचारलंस, "हा माणूस सारखा चालतोय कुठे?" मी म्हणालो, "तो माणूस म्हणजे मीच आहे." तू म्हणालीस, "मग चालत चालत इकडे ये, पोळी गार होतेय." त्यानंतर या विषयावर तू काही बोलली नाहीस. तुझ्या लेखी तो तिथेच संपला असावा. माझा संपला नाही. पन्नाशी उलटली तरी मी हे खेळ खेळतो, आणि कोणी हसलं तर हसू देतो.

दिवसभर मी प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त करतो. धान्याचे नव्हेत, काचेच्या पेटीतले, जवळ श्वास सोडला तरी आकडा हलेल असे. सेक्टर तीसला जातो, मोहालीला जातो आणि संध्याकाळी झिरकपूरच्या अलीकडे गाडीत बसून पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत राहतो. हे काम मला कोणी शिकवलं नाही. बाबांचा रेडिओ मी खोलला तेव्हा ते अंगावर धावून आले होते आणि तू मध्ये पडून म्हणालीस, "जोडेल तो परत." जोडला मी, पण एक स्क्रू उरला. तो अजून मला टोचतो. अलीकडे फार थकायला होतं, आई. आजारी वगैरे नाही, डॉक्टरकडे जाऊन आलोय. नुसतंच जड वाटतं, सकाळी उठल्यापासून. अशा वेळी रविवारी दुपारी हे खेळ बरे वाटतात. कष्ट तिथेही असतात, पण ते दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर.

आणि नावाचंच तुला सांगायचं आहे. या प्रकारच्या खेळात आधी आपला माणूस घडवावा लागतो: चेहरा, उंची, हातात काय धरणार, कोणत्या गावचा. सगळं झालं की एक रिकामी चौकट येते, तिच्यात उभी रेघ लुकलुकत असते आणि खेळ विचारतो, नाव काय? लोक इथे वाटेल ते ठोकून देतात. माझे नियम आहेत. स्वतःचं नाव द्यायचं नाही. तिथे मेलं की उगाच मनाला लागतं. विनोदी नाव द्यायचं नाही, कारण दोन दिवसांत विनोद विटतो आणि नाव तेवढं उरतं, मग म्हातारा राजा डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "बटाट्या, माझं राज्य वाचव." नाव त्या माणसाच्या वयाला, कामाला, गावाला शोभलं पाहिजे. लोहाराच्या मुलाला राजपुत्राचं नाव द्यायचं तर ते त्याला कोणी दिलं, हे मला ठाऊक पाहिजे. मुलगी ऐकते आणि म्हणते, "बाबा, इतना तो लोग बच्चे का नाम रखते टाइम नहीं सोचते." मी म्हणतो, "तुझं ठेवताना मी विचार केला होता." ती म्हणते, "दिखता है."

एवढे नियम करून वर्षानुवर्षं मी घालत आलो ते मात्र एकच नाव. बाईचं. कधी ती तिरंदाज असते, कधी वैदू, एका खेळात घोडे विकायची. मुलीला वाटतं, ते नाव मी खेळासाठीच बनवलं. ते कुठून आलं हे फक्त मला माहीत आहे, कारण तूही ते पुरतं वाचलं नव्हतंस.

माझ्या लग्नातली लक्ष्मीपूजा आठव. बार्शीचं घर, पुढची खोली पाहुण्यांनी गच्च, पाटावर मी आणि नवी नवरी, समोर ताटात तांदूळ पसरलेले. नवऱ्याने अंगठीने त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, ते सगळ्यांना वाचून दाखवायचं आणि पेढे वाटायचे. त्या नावावर मी फार मेहनत घेतली होती. आडनावापुढे कसं वाजतं ते बघितलं, सही करताना हात कसा फिरेल ते बघितलं, नात्यात कोणाचं तसं नाही ना हेही बघितलं. कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. अंगठी तांदळात टेकवून पहिलं अक्षर काढतोय, तेवढ्यात तू मागून वाकलीस.

"आहे तेच लिही."

"म्हणजे?"

"तिचं आहे तेच. चांगलं आहे ते."

आत्याने पदर सावरत विचारलं, "वैनी, सुनेचं नाव बदलायचं नाही? मग पेढे कशाचे वाटायचे गं?"

"लग्नाचे वाटा," तू म्हणालीस.

खोलीत हशा झाला. मी हसलो नाही. मी बायकोचं माहेरचंच नाव तांदळात लिहिलं, मुद्दाम वाकडं, कोणाला धड वाचता येऊ नये असं. मला वाटलं, तुला मी काढलेलं नाव पहिल्याच अक्षरावरून आवडलं नाही. मला कोणी नाव निवडायला शिकवायचं नाही, असा तेव्हा माझा बाणा होता. आजही थोडा आहे. पुढे कर्जावर पहिला कॉम्प्युटर घेतला, त्यात पहिला असा खेळ घातला, चौकट आली, रेघ लुकलुकली, आणि मी ते नाकारलेलं नाव तिथे लिहून टाकलं. चांगलं नाव होतं. वाया कशाला घालवायचं?

आता हा नवा खेळ. मुलगी शेजारी खुर्ची ओढून बसते. ती सेक्टर चौतीसच्या एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते, आठवडाभर पोरांवर ओरडून तिचा आवाज बसलेला असतो. मी जुनंच नाव घालायला घेतो तर ती माझा हात धरते. "फिर वही? बाबा, प्लीज यार. इस बार कोई नया. और सोच के रखना, इसमें बाद में चेंज नहीं होता." मी म्हणालो, ठीक. आधी चेहरा करू, चेहऱ्यावरून नाव सुचेल. कपाळ रुंद केलं. भुवया जवळ आणल्या. दोन वेण्या घातल्या. मुलगी वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "ये तो आजी है." तुझा तो एकच फोटो आहे ना लग्नाआधीचा, मामाच्या अंगणातला, उन्हाने डोळे बारीक केलेला, तो तिने आल्बममध्ये पाहिलाय. मी मुद्दाम केलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला. पण एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

मग तुझं नाव घालायला घेतलं, रेशनकार्डावर होतं ते. अर्ध्यावर थांबलो. समोरची मुलगी सोळा-सतराची, लग्न व्हायची. हे नाव तिला अजून मिळालेलंच नाही. ते बाबांनी दिलं, लग्नात, असंच एका ताटात. आधीचं नाव दुसरं असणार. आणि ते काय, हे मला माहीत नव्हतं. मी मुलीकडे बघितलं, जसं काही तिला माहीत असेल. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती हात पुसत बाहेर आली. "आईंचं माहेरचं नाव तुम्हाला माहीत नाही? तराजूचा नंबर विचारला तर झोपेत सांगाल." मी कॉम्प्युटर बंद केला.

खरं तर तुला नावाने कोणी हाक मारलेलीच मी ऐकली नाही. बाबा "ऐकलं का" म्हणायचे. शेजारी तुला माझी आई म्हणूनच ओळखायचे. माहेरी तू सगळ्यांची अक्का. तू गेलीस, बाबा गेले, मामा दोघेही गेले. उरली एक मावशी, लातूरला. तिला फोन लावला.

"कोन बोलतंय?"

"मी. चंडीगडहून."

"आरं, तू व्हय! कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही, मावशी. आईचं माहेरचं नाव काय होतं?"

तिचा आवाज बदलला. "कशाला पायजे? जमिनीचं काय निघालंय का?"

"नाही गं. खेळात घालायचंय."

"कशात?"

"खेळात. कॉम्प्युटरवर एक खेळ आहे, त्यात बाईला नाव द्यावं लागतं."

"तुझं वय काय रं?" मावशी म्हणाली. मग बराच वेळ आठवत राहिली. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "अक्काच म्हनायचो आमी. थांब. थांब जरा. न्हाई रं येत. डोसकं चालंना आता. पुढल्या ऐतवारी कर."

तो आठवडा मला फार जड गेला. सेक्टर तीसला एका तराजूचा आकडा शून्यावर बसेना, दोनदा खोलला, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष मावशीच्या डोक्यात काय चाललं असेल त्याच्याकडे. तुझ्या गावची शाळा केव्हाच पडली, माहेरचं घर विकलं गेलं. आता तुझं ते नाव फक्त एका म्हातारीच्या डोक्यात होतं आणि तिलाही ते सापडत नव्हतं. तिला पुन्हा आठवलं नाही तर ते संपलं. कुठेही खोलून, जोडून मिळणारं नाही. एका खेळासाठी एवढं कशाला, असं मी स्वतःलाच दटावलं. पण ते आता खेळासाठी राहिलं नव्हतं.

रविवारी मावशीनेच आधी फोन केला. "ऐक," म्हणाली, आणि मास्तरांचा आवाज काढून हजेरी घ्यायला लागली. गावातली एका खोलीची शाळा, सगळ्या इयत्ता एकत्र. आठवून एकेक नाव काढायचं म्हटलं तर जमेना, पण हजेरी तिला पाठ होती. मुलींची नावं एकापाठोपाठ एक आली, मध्ये एक आलं आणि ती थांबली. "हे," म्हणाली. "ही अक्का." मी ते परत म्हणायला लावलं. मग ती आपणहूनच बोलत सुटली. तुझ्या लग्नात ती पाठराखीण म्हणून तुझ्यासोबत सासरी आली होती, ते मला माहीत नव्हतं.

"तुझ्या बापानं ताटात नवं नाव लिवलं. अक्काला वाचता येत हुतं. तिनं वाचलं आन् बोटानं पुसून टाकलं की रं! समद्यांच्या म्होरं. तांदूळ सारखं केलं आन् हात मांडीवर घिऊन बसली."

"मग?"

"मग काय? तुझ्या आजीनं डोळं वटारलं. त्यानं परत लिवलं. दुसऱ्यांदा न्हाई पुसलं तिनं. पेढं वाटलं."

फोन ठेवला. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. माझ्या लग्नानंतर मी तीन दिवस तुझ्याशी तुटक बोललो, तू तेव्हाही सांगितलं नाहीस. नुसतं वाढत राहिलीस. सांगितलं असतंस तर मी बायकोचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं असतं, एवढं तरी झालं असतं. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या दिवशी आईंची भीती वाटली होती. वाटलं, नवं नाव द्यायच्या लायकीचीही समजत नाहीत." मग तिने विचारलं, "तुम्ही काय काढलं होतंत?" मी सांगितलं. मुलगी ओरडली, "वो तो आपकी तीर-कमानवाली है!" दोघी बराच वेळ हसल्या. मलाही हसू आलं, पण दमल्यासारखं.

नाव चौकटीत घातलं. खेळाने विचारलं, नक्की? नंतर बदलता येणार नाही. मी हो म्हटलं. इथे मात्र ते लिहीत नाही. तुला ते सांगायचं म्हणजे काय सांगायचं? हे पाठवायचा तर प्रश्नच नाही. कॉम्प्युटरवरची फाइल आहे, तिला अजून नावही दिलेलं नाही.

एकच गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नाही. या खेळात आपण घातलेलं नाव कोणी बोलून दाखवत नाही. माणसं बोलतात तेव्हा ते खाली अक्षरांत उमटतं, वाचून पुढे जायचं असतं. मी मुलीला सांगितलं, माझे डोळे दुखतात, तू वाच. तेव्हापासून दर रविवारी ती बसलेल्या आवाजात एकेक ओळ वाचते. पाणी भरणारी बाई तुला नावाने थांबवते, नावाडी नावाने हाक मारून होडीत घेतो, लहान पोरं नावाने चिडवून पळतात. मी बाण मारायचं विसरून ऐकत राहतो. ती म्हणते, "बाबा, डॉक्टर को दिखा दो ना." डोळ्यांना काही झालेलं नाही.