चाळीसवर थांबलेला काटा

प्रिय चंदन,

तुला आणि रुचिकाला अनेक आशीर्वाद. टपालाचं पाकीट पाहून तू आधी फोन लावशील, म्हणून आधीच सांगतो, आई बरी आहे. आत्ता ओसरीत खाटेवर बसून डाव्या हाताने शेंगा सोलतेय. चार सोलते, दोन खाते. दुसरी गोष्ट म्हणजे तुझा राजीनामा. दिला नसशील तर हे पत्र वाचून होईपर्यंत देऊ नकोस, आणि दिला असशील तर परत घेता येतो का ते विचार. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोन आईच्या उशाशी असतो, आणि तू "आबा, कॅमेरा सरळ धरा" म्हणालास की माझं तोंड दिसतं. मला तोंड लपवून लिहायचं आहे.

परवा तू मामांना म्हणालास, की आबांनी गाडी काढली, वेळेत नेलं, म्हणून आई वाचली, आणि मी मात्र इथे जपानात बसून राहिलो. मामांनी ते चारचौघांत सांगितलं. गावात मी शूर ठरलो आहे रे. देवळात गेलो तरी लोक सरकून जागा देतात. आणि तू तिकडे स्वतःला दोष देत चांगली नोकरी सोडून निघालास. रुचिकाला आत्ता कुठे तिकडे काम मिळालंय, तिलाही सोडायला लावणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कुणी माझं कौतुक केलं की मला वाटतं, याला कळलंय, मुद्दाम बोलतोय.

ती काँटेसा मी नंदुरबारच्या हस्तीमल शेठकडून घेतली तेव्हा तू चौथीत होतास. आपल्या गावात तेव्हा ट्रॅक्टर होते, दोन जीपा होत्या, पण अशी लांबलचक गाडी नव्हती. लग्नात नवरदेवासाठी ती मागायला लोक यायचे. मी गाडी द्यायचो, पण चालवायला स्वतः जायचो, म्हणजे प्रत्येक लग्नात जेवणही व्हायचं. मग ती धूर सोडायला लागली. पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांच्या शिव्या खाऊन खाऊन शेवटी मी ती खळ्यातल्या शेडमध्ये उभी केली. तिच्यावर कापसाच्या काड्या पडल्या, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली. आई म्हणायची, भंगारवाल्याला दे. मी म्हणायचो, बघू. वीज मंडळात तीस वर्षं मी हेच म्हणत काढली, सवय जाते थोडीच?

तू नागोयाला गेलास आणि तिथून फोन केलास, आबा, आपल्या गाडीचं इंजिन मुळात इकडचंच आहे, पिस्टन मिळतात, रिंगा मिळतात, गास्केटचा सगळा संच मिळतो. दुसऱ्या दिवशी मी रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा पहाटे आपण होऊन उठलो. हौसेला मोल नाही, पण बापलेकाच्या हौसेला वेळकाळही नसतो हे मला तेव्हा कळलं. तुझी तिकडे संध्याकाळ, माझी इकडे दुपार. शेडच्या आडव्या अँगलला साखळीची कप्पी बांधून इंजिन उचललं तेव्हा तू तिकडून ओरडत होतास, हळू, हळू. ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे आतली भोकं घासून घ्यायला, नंदुरबारला नेला तो पपईच्या क्रेटांमध्ये बसवून. तू दिवाळीला बॅगेतून पिस्टन आणलेस, आधीच्यापेक्षा किंचित मोठे, तेलकट कागदात गुंडाळलेले. आईला वाटलं होतं तू भात शिजवायचं यंत्र आणशील. तिने ते पिस्टन हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, वजनाला बरे आहेत, खलबत्त्याला चालतील.

रिंगांची गंमत तुला पूर्ण माहीत नाही. एका सिलिंडरच्या रिंगा दुसऱ्यात मिसळू नका, असं तू दहा वेळा बजावलंस. चार खणांचं भांडं कुठून आणू? मी आईचा मिसळणाचा डबा रिकामा केला. संध्याकाळी वरण फोडणीला टाकताना तिने झाकण उघडलं आणि मोहरीच्या जागी लोखंड. "मन्हा डबामा हाई काय ठेई दिधं?" अशी ओरडली, की शेजारचा अजित कुंपणापर्यंत आला. दोन दिवस तिने वरणाला फोडणी दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच माळ्यावरून जुना डबा काढून दिला, आणि त्याच्या खणांवर नखांना लावायच्या रंगाने आकडे घालून दिले. पिस्टनची पिन आकसावी म्हणून तिच्या फ्रीजमध्ये, पिस्टन फुगावा म्हणून तिच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात. पिन सरकन आत गेली तेव्हा टाळी तिने वाजवली. तू पडद्यावर होतास, पण तुला फक्त माझी पाठ दिसत होती.

पहिल्यांदा इंजिन सुरू करायचा मान मी तिलाच दिला. इंजिनाच्या झाकणावर तिने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. तो आवाज तू ऐकलास. धूर नाही, खडखड नाही. ती स्टिअरिंगमागे बसून रडत होती आणि मला म्हणत होती, डोळ्यात धूर गेला. धूरच नव्हता. मग तिने ठरवलं, नवं इंजिन रुळेपर्यंतचं रनिंग पूर्ण झालं की चंदन येईल, आणि याच गाडीने तोरणमाळ चढायचं. तिथल्या आश्रमशाळेच्या नोकरीत सगळी वर्षं तिने तळोद्याहून जीपच्या मागच्या फळीवर बसून डोंगर चढला. आता तिला पुढच्या सीटवर बसून चढायचा होता.

आता नीट ऐक. तू मला सांगितलं होतंस, नव्या रिंगा बसेपर्यंत साठच्या वर जाऊ नका. साठ. मी चाळीस केले. मी माझ्या मनाने केले, तुझ्या सांगण्याने नव्हे. तू परदेशातून उचलून आणलेल्या वस्तूला ओरखडा जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात. आई हसायची. म्हणायची, बाळंतिणीला जपावं तसं जपता तुम्ही तिला, मला नाही जपलं एवढं.

होळीनंतरच्या सोमवारी सकाळी ती चहा घेऊन शेडमध्ये आली. मी गाडीखाली होतो, तेल कुठून पाझरतंय ते पाहत होतो. मी तिला उजेडासाठी बॅटरी धरायला सांगितली. बॅटरी तिच्या हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. म्हणाली, हाताला मुंग्या येताहेत. मी गाडीखालूनच म्हणालो, भाकरी थापून थापून येणारच. ती परत घरात गेली. मी तेलाचा थेंब पाहत राहिलो. दुपारी जेवायला गेलो तेव्हा ती ताटासमोर बसली होती, तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि घास ओठातून खाली येत होता.

अजित धावत आला. त्याची नवी गाडी फाटकाशी उभी होती, तोंड रस्त्याकडे. म्हणाला, "काका, मन्ही गाडी ले, चाबी लागेल शे." किल्ली गाडीलाच होती. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "आपली गाडी तयार शे." तोंडातून आधी तेच आलं. मला अभिमान होता रे. ज्या गाडीला सगळं गाव भंगार म्हणत होतं, तीच आज कामी येतेय, एवढी एक क्षणभराची ऐट. अजित मागे बसला, आईला मी पुढे बसवलं, तिला आवडायचं तिथे.

आणि मग मी चाळीसने निघालो. हे वाक्य मी मनात इतक्यांदा लिहिलंय की आता कागदावर हलकं वाटतंय. रस्ता मोकळा होता. जीपा पुढे जात होत्या, दुधाच्या कॅनवाला पोरगाही पुढे गेला. अजित मागून म्हणाला, काका, थोडी दाबा. मी म्हणालो, इंजिन नवं आहे, जाम झालं तर वाटेतच अडकू. ते खरंही होतं आणि सबबही होती. गरमीचा काटा जागचा हलला नव्हता, मी तो बघत होतो. हातोड्याच्या पुलावर आईने डावा हात उचलला आणि डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली. जीपवाल्यांची भाषा तुला माहीत आहे. क्लीनरने पत्र्यावर एकदा मारलं की थांब, दोनदा मारलं की निघ. आयुष्यभर तिने ती ऐकली. जीभ चालेना म्हणून तिने हाताने सांगितलं. मला कळलं, चंदन. कळलं नाही असं नाही. माझा पाय खाली गेला नाही. मी पिस्टन वाचवत होतो.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधी सुरू झाला. मी सकाळच्या मुंग्यांचं सांगितलं. ते म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं, ती वेळ नुकतीच टळली, जरा आधी आला असतात तर दिलं असतं. इंजेक्शनने सगळं ठीक झालंच असतं असं ते म्हणाले नाहीत. मी तेवढ्यालाच धरून जगतो आहे. पण उजवा हात आणि बोलणं गेलं ते त्या रस्त्यावर गेलं, असं माझं मन मला रोज सांगतं. अजितने कुणाला काही सांगितलं नाही. भेटला की तो पावसापाण्याचं बोलतो, आणि ते मला जास्त लागतं.

तू दूर होतास म्हणून आईचं असं झालं नाही. मी जवळ होतो, अगदी एका सीटच्या अंतरावर, तरी झालं. तुला यायचं असेल तर आईला भेटायला ये, महिनाभर राहा, तिला तोरणमाळला ने. स्वतःला शिक्षा म्हणून येऊ नकोस. ती शिक्षा तुझ्या नावची नाही. माझ्यावर रागव. माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर फोनवर आईशीच बोल आणि ठेव. मी समजून घेईन, म्हणजे प्रयत्न करीन.

आणि हे आजच का लिहितोय तेही सांगतो. आईला नंदुरबारला व्यायामाला नेता-आणता गाडीचं रनिंग कधीच पूर्ण झालं, तरी माझा काटा चाळीसवरच असायचा. गेल्या गुरुवारी परत येताना त्याच पुलावर आईने डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चाल." स्पष्ट. इतक्या महिन्यांतला पहिला शब्द. मी गाडी दाबली. काटा ऐंशीला गेला, इंजिन लोण्यासारखं चाललं, आणि ती अर्ध्या तोंडाने हसत होती. तेव्हापासून ती दिवसभर तोच शब्द म्हणते, शेंगा सोलताना, देवापुढे, मला चहा मागताना. हे पत्र तुला पोचल्यावरच्या रविवारी ती तुला फोनवर तो म्हणून दाखवणार आहे, तोवर मी तिला थांबवून ठेवलंय. तू आनंदाने वेडा होशील, रुचिकाला हाक मारशील, पुन्हा पुन्हा म्हणायला लावशील. मी शेजारीच बसलेला असेन. त्याआधी तुला माहीत असावं, की तो शब्द ती नव्याने शिकलेली नाही. तो तिला त्या सोमवारीच म्हणायचा होता, मला.

तुझाच,
आबा