दोन सुरांचं आमेन

ता. ६ जानेवारी

चि. धाकट्यास, दादाचे अनेक आशीर्वाद.

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. पुरस्कार मोठा, टाय वाकडा. तुझी वहिनी विचारते, एवढ्या मोठ्या संगीतकाराच्या घरात आरसा नाही का.

आता खरी बातमी. आपल्या चर्चला यंदा शंभर वर्षं होतात. त्या दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे वेदीपुढच्या मुख्य उपासनेत, तुझं संगीत गायचं, असं मी फादरांकडून कबूल करून घेतलंय. आई जिथे स्तोत्रं गुणगुणायची आणि तू तिच्या गुडघ्यावर ठेका धरायचास, त्याच बाकासमोर. मला आतापासूनच सगळं दिसायला लागलंय.

लोभ आहेच, तो अधूनमधून कळवत जा.

तुझा दादा

ता. १९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, तो टाय तिनेच दिलेला.

गंमत बघ, आयुष्यभर मी मिस्सा लिहिल्या आणि एकही वेदीसमोर झाली नाही. सगळ्या सभागृहांत. लोक पायावर पाय टाकून कार्यक्रमपत्रिका चाळतात, शेवटी टाळ्या वाजवतात आणि गाडीच्या किल्ल्या शोधतात. समीक्षक लिहितात, 'श्रद्धेची नाजूक छटा'. दादा, ती छटा नाही, माझी प्रार्थना आहे. एकदा तरी ती प्रार्थना म्हणून व्हावी, एवढंच मागणं. स्वरलिपी पाठवतोय.

लोभ वाढता असू दे.

धाकटा

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आपल्याकडे गाणारी मंडळी मोजकीच: दातांचे डॉक्टर, पोस्टमास्तरीणबाई, बेकरीवाला आणि त्याच्या मेहुण्या. स्वरलिपी पाहून डॉक्टर म्हणाले, यापेक्षा अक्कलदाढ सोपी. तुझी 'प्रभो, दया कर' ही दयायाचना इतकी लांब, की फादर म्हणाले, तेवढ्यात देव दया करून घरीही गेला असेल. रागावू नकोस. त्यांनी दयायाचना काढली, मग देवाच्या स्तुतीचं गौरवगीतही. आता महाप्रार्थनेनंतरचं 'आमेन' तेवढं उरलंय, तेही सोपं करून हवंय. पण एका शब्दात केवढं काव्य मावतं, नाही का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

ता. २० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

शब्दातलं काव्य तू शाळेत शिकवताना वर्गात सांगायचास, तेव्हाही घंटा होऊन गेलेली असायची. असो. शहाण्याने नाद सोडला असता. मला जमलं नाही.

सोबत दोन सुरांचं आमेन आहे. पहिला सूर विचारतो, दुसरा मान्य करतो. पुढे मोकळी जागा सोडलीय. तिथे कुणी काही वाजवायचं नाही, गायचं नाही, लोक गुडघ्यांवर आहेत तसेच राहू द्यायचे. ती जागा हेच आता माझं संगीत. फादरांना बजाव. मी येतोय.

लोभ असू दे, त्याची गरज लागणार आहे.

धाकटा

ता. १२ मे

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

शंभरीच्या मिस्सेनंतर न जेवता गेलास. तुझी वहिनी ताट वाढून बसली होती. कुणाचं काय चुकलं? डॉक्टर जरासुद्धा बेसूर झाले नाहीत. फादरांना बजावलं होतं, ते हात जोडून थांबलेही होते. पण आमेन संपलं आणि मला भरून आलं. वर्गात कविता संपली की पहिली टाळी मीच वाजवायचो, हात आपोआप उठले. मग सगळं चर्च उठलं. अरे, असा मान आपल्या घरात कुणाला मिळाला?

आमच्यावरची माया आटली नसेल तर दोन ओळी लिही.

दादा

ता. २ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

मान पोचला.

लोक गुडघ्यांवर होते, दादा. तुझी टाळी ऐकून उभे राहिले, मागे वळले आणि वेदीकडे पाठ करून माझ्याकडे बघत हसले. मग मीही उठलो आणि सभागृहात वाकतो तसा त्यांच्यापुढे वाकलो. अंगवळणी पडलंय. वाकलेला असतानाच लक्षात आलं की समोर वेदी आहे आणि माझं डोकं तिच्यासाठी खाली गेलेलं नाही.

वहिनीची मात्र माझ्या वतीने माफी माग. आता तारवाद्यांसाठी एक काम घेतलंय. त्यात शब्द नाहीत.

लोभ आहे. वाढवण्याची तसदी घेऊ नये.

धाकटा