मागच्या खणातला मासा

तंजावूर, बुधवार, १४ ऑगस्ट १९९६

काळा मासा जिवंत आहे! सहा दिवस तो मेला असंच धरून चालले होते मी. आज माशांची काचेची टाकी पुसताना मागच्या अरुंद खणात दिसला. जास्तीचं पाणी काठावरून त्या खणात पडतं नि तळाच्या नळीतून निघून जातं. त्याबरोबर हाही पडला असणार. बोटभर पाणी, खायला काही नाही, तरी कल्ले हलत होते.

जाळी आत जाईना. मी चमचा घेतला तर आप्पा ओरडले, "अय्यो, चमचा नको! पाणी चढव, तो आपणच येईल." हेच आप्पा! मासे घरात आणले म्हणून महिनाभर माझ्याशी, पोटच्या मुलीशी, धड बोलले नव्हते. पण जन्मभर कावेरीच्या कालव्यांची दारं उघडण्याची नोकरी केलेली, पाणी कसं चढवायचं ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी नळीत चिंधी कोंबली. मी तांब्यानं पाणी ओतत गेले. आडवा पडलेला मासा सरळ झाला, पाण्याबरोबर वर आला नि काठाशी येताच एका झेपेत पलीकडे टाकीत! सहा दिवस हलत राहिले ते कल्ले. कशाच्या जोरावर?

आप्पांनी नळीतली चिंधी काढून पिळली. मग हळूच विचारलं, "हा खातो काय ग?"