डाव्या पुढच्या चाकाची उंची

रवि. ५ ऑक्टो.
पिवळी गाडी तिसऱ्यांदा परत. सस्पेन्शनचा दिवा. मालकीण डॉक्टर, शर्क भागात दवाखाना. चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उस्ताद, यू सेड फिनिश." म्हणालो होतो खरा. दोनदा.
कॉम्प्युटर म्हणतो, डावं पुढचं चाक उंचीत बसत नाही. गॅरेजच्या लादीवर ज्या चार पिवळ्या खुणांवर गाडी उभी करून आपण कॉम्प्युटरला उंचीचं शून्य देतो, तिथं उभी केली की चारही चाकं बरोबर. डॉक्टरीणबाईंच्या बेसमेंट पार्किंगमध्ये गेली की दिवा. गाडी तीच, चाक तेच. काही कळत नाही.

सोम. ६
गेल्या गुरुवारी अबू फहदला, म्हणजे मालकाला, सांगून बसलो की इब्राहिमभाईंनी सेन्सरच्या वायरला मारलेला जोड कच्चा आहे. दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानं त्याच दिवशी त्यांना टायरच्या बाजूला धाडलं. बावीस वर्षं वायरिंग केलेला इलेक्ट्रिशियन चाकात हवा भरतोय.
आज जोड कापून उघडला. सोल्डर स्वच्छ. मी केला असता तर असाच केला असता. तरी नवा मारला. दिवा तसाच.
इ.भाई चहाला आले नाहीत.

मंगळ. ७
डावा सेन्सर उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष डावीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर नाही, आणि वायरचा जोड तर कालच नवा मारला. मग काय?
शुऐबा बंदरापर्यंत लांब फेरी. रस्त्यात काही नाही. तिथं एका सपाट पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभी केली. डा.पु. (डावं पुढचं) ५ मिमी फरक. दिवा. परत येऊन खुणांवर, शून्य.
अबू फहद मध्येच येऊन उभा. "इब्राहिम का इकामा इस महिने खलास. काम खराब है तो रिन्यू नहीं करूंगा. तुम संडे को बोलो." इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना; तो गेला की माणूस गावी. मी मान हलवली. कशाला हलवली?

बुध. ८
आमचा महबूल्याचा फ्लॅट, स्वयंपाकघर. इ.भाई बांगडे तळत होते. पाच-सहा दिवसांनी बोलले, तेही कढईकडे बघून.
"वसंता, माझा जोड उघडलास म्हणं."
"उघडला."
"मग?"
"बघतोय अजून."
"बघ, बघ. जोड बघितलास, सेन्सर बघितलास, आता लादी पण बघ. तिचा इकामा तेवढा कुणाला काढायचा नाय."
राग आला. मेमध्ये लादी नवी केली तेव्हा खुणा मीच मारल्या, लेव्हल पाइपनं. कंपनीचा कोर्स नाही केला मी. पण वडील गवंडी. पारदर्शक पाइपात पाणी भरायचं, दोन टोकांचं पाणी एका रेषेत आणायचं, हे मला आठव्या वर्षापासून येतं. लेझरवाले हसले होते. हसू देत.

गुरु. ९
पाइप काढला, नळावरून भरला, मेमध्ये भरला होता तसाच. डा.पु. खूण बरोबर. म्हटलं, झालं!
तेवढ्यात इ.भाई टायरकडून आले, पाइपला टिचकी मारली. अंगठ्याएवढा बुडबुडा वर गेला.
पुन्हा मोजलं. खूण ८ मिमी खाली. तिसऱ्यांदा, ६. गाडी म्हणते ५. एकही आकडा दुसऱ्याशी जुळेना.
"मेमध्ये दुसरं टोक कुणी धरलेलं?" इ.भाईंनी विचारलं.
ते तेव्हा दापोलीला, सुट्टीवर. मी टोक खांबाला बांधलं होतं.

शुक्र. १०
सुट्टी. कामाची वही काढली. मेपासून त्या खुणांवर पिवळी सोडून अकरा गाड्या. दोन दिवा घेऊन परत आल्या होत्या. एकीपुढे कारण लिहिलंय "ऊन", दुसरीपुढे "खड्डा". अक्षर माझंच. पण मग बाकीच्या नऊ? लादी चुकीची तर त्याही यायला हव्या होत्या. की दुसऱ्या गॅरेजला गेल्या...
इ.भाई जुम्म्याहून आले आणि पलंगाखालची बॅग काढून पुसत बसले. कशाला, म्हटलं. "धूळ बसलेली." एवढंच.

रवि. १२, स. ६.३५, गॅरेज
आतली हवा निघावी म्हणून काल पाणी उकळून गार केलं. आज सावकाश भरलं. बुडबुडा नाही, चारदा टिचक्या मारल्या. टोक खांबाला बांधत होतो, तर इ.भाईंनी हातातून काढून घेतलं. "सोड. खांब काय सांगणार तुला?"
पलीकडच्या खुणेवर उकिडवे बसलेत. पाणी अजून हलतंय म्हणून लिहितोय.
लादी चुकली असेल तर अकरा गाड्या. नसेल तर पिवळीला काय झालंय ते मला माहीत नाही. माहीत नाही, हे या वहीत पहिल्यांदाच लिहितोय बहुतेक.
जोड स्वच्छ होता, हे मात्र सोमवारपासून माहीत आहे.
फाटकाशी अबू फहदची गाडी, उत्तर घ्यायला.
"वसंता, पाणी थांबलं. वाच."