वाफेत बोललेलं

३ जून

प्रिय केर्त्तू,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण तू डॉक्टरशी भांडलीस हे वाचून जरा बरं वाटलं. म्हणजे अजून तुझ्यात जीव आहे.

इकडे तळ्यावरचा बर्फ यंदा लवकर गेला आणि डास त्याहून लवकर आले. बटाटे लावून झाले, यंदा कमीच लावले. तुझा भाऊ तायस्तो बरा आहे. खातो, चिडतो. हात कापतात म्हणून त्याला कॉफी अर्धाच कप द्यायची, आणि मग अर्धीच का दिली म्हणून बोलणी खायची. म्हणजे बराच आहे म्हणायचा.

विद्यापीठाच्या त्या कामाचं काय झालं म्हणून तू विचारलंस. सांगते, पण जरा लांबण लागेल. ही माणसं म्हातारपणावर संशोधन करतात. मात्र प्रश्न विचारून निघून जाणाऱ्यातली नाहीत. प्रश्न कुठले विचारायचे तेच मुळी म्हाताऱ्यांनी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी ठरवायचं, अहवाल लिहितानाही सोबत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. वेन्ला नावाची एक मुलगी हे सगळं बघते. तिची आजी आपल्याच बाजूची, त्यामुळे तिला आपल्या गप्प बसण्याची भीती वाटत नाही.

पहिल्या बैठकीत, चर्चच्या हॉलमध्ये, तिनं प्रश्नांचा मसुदा वाचून दाखवला. 'तुम्हाला एकटेपणा किती जाणवतो?' असं त्यात होतं. तायस्तो म्हणाला, "मला एकटं सोडतंय कोण? ही न्हाणीघराच्या दारातसुद्धा उभी असते." सगळे हसले, मीही हसले. तो प्रश्न खोडला गेला आणि तिथे तायस्तोचा आला: तुम्हाला स्वतःच्या मर्जीनं दार लावून घेता येतं का? तेव्हापासून स्वारी स्वतःला प्रोफेसरच समजायला लागली. बैठकीच्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट मागायची.

पण मग गाडी अडली. जोडीजोडीनं टेबलाशी बसवून काय जड जातं असं विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच: चाललंय. शेजारच्या विल्होची पाठ बायकोला उचलून उचलून कामातून गेलीय, तोही म्हणाला, चाललंय. बायको समोरच बसलेली, बिचारा दुसरं काय म्हणणार? शेवटी तायस्तोनंच तोंड उघडलं. "टेबलाशी खरं कोण बोलतं? सॉना तापवा."

वेन्लानं ती वाफेची खोली खरंच तापवायला लावली. आधी पुरुष, त्यांच्याबरोबर तिच्या हाताखालचा युहो. मग आम्ही बायका, आमच्याबरोबर ती. वाफेत बाकावर बोललेलं दाराबाहेर जात नाही हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. म्हणून असं ठरलं, की यातलं काय लिहू हे नंतर एकेकाला वेगळं विचारायचं आणि नावगाव वगळून तेवढंच लिहायचं. पुरुष बाहेर आले ते लालबुंद आणि गप्प. मी तायस्तोला मोजे घालताना विचारलं, काय बोललात एवढं? म्हणाला, "वाफेनंतरचं सॉसेज जरा खारट होतं."

आमच्या फेरीत मी काय बोलले ते इथे लिहायचं होतं. आधी कॉफी ओतून घेते.

घेतली. मार्चमध्ये अहवालाचा कच्चा मसुदा तपासायला आम्ही सगळे पुन्हा हॉलमध्ये जमलो. वेलचीचा पाव होता, गरम. वेन्ला उभी राहून वाचत होती. म्हणाली, पुढचं बोलणं ग्रामीण भागातल्या एका वयस्कर पुरुषाचं आहे. आणि वाचायला लागली:

"माझ्या बायकोचं सगळं भर हिमवादळात रस्ता साफ करण्यासारखं झालंय. पुढचा मोकळा होतो तोवर मागचा भरतो. अशा वेळी गाडी थांबवायची असते, पण ती थांबवणार नाही. मी वृद्धनिवासात जायला तयार आहे. पण मीच तसं म्हटलं तर तिला वाटेल, तिनं मला नीट ठेवलं नाही."

केर्त्तू, त्यांनी नाव काढलं होतं, गाव काढलं होतं, वय काढलं होतं. पण आपल्या अख्ख्या भागात बर्फ हटवायची गाडी जन्मभर चालवली कुणी? एकट्या तायस्तोनं. हॉलमध्ये सगळे आपापल्या कपात बघायला लागले. वेन्लाच्या काही ध्यानात आलं नाही. ती तशीच पुढे म्हणाली, आणि हे एका काळजी घेणाऱ्या स्त्रीचं:

"मी दमलेय. पण त्याला कसं विचारू? विचारणं म्हणजे हाकलणंच. तो आपणहून जातो म्हणाला असता, तर मी रडले असते आणि मग झोपले असते."

ती मी. आता सांगून झालं.

मान वर करायची माझी छाती होईना. विल्हो छताकडे बघत म्हणाला, "कोण असतील बुवा ही दोघं." तेव्हा कुठे वेन्लाला उमगलं. पोरीचा चेहरा असा उतरला, की मला तिचीच दया आली. तायस्तो म्हणाला, "वाच की पुढचं. थांबलीस कशाला?"

घरी येताना गाडी मी चालवत होते. जंगलाचा रस्ता संपत आला तसं त्यानं विचारलं, "दुसरं ते तुझं होतं ना?"

"हो."

"मग झोप आता."

मी गाडी बाजूला घेतली आणि खूप रडले. तो शेजारी बसून काचेवरचं धुकं पुसत होता, त्या कापऱ्या हातानं. मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच आम्ही नीट बोललो. मसुदा वाचला जाणार हे ठाऊक नव्हतं असं तो म्हणतो. माझा विश्वास नाही. प्रोफेसर आहे तो.

वेन्लानं दुसऱ्या दिवशी फोन केला. रडवेली झाली होती, दोन्ही उतारे काढून टाकते म्हणाली. तायस्तोनं माझ्या हातातून फोन घेतला. "काढायचे नाहीत. उलट नाव घाला. मी बोललोय, चोरी केलेली नाही." नियमात बसत नाही म्हणाली. मग तिनं वरच्या लोकांशी हुज्जत घातली, आणि आता ज्याला हवं त्याचं नाव त्याच्या बोलण्याखाली छापणार आहेत. त्याचंही येईल, खाली माझंही. अहवाल उन्हाळ्यात निघतो आहे. तुझी लेक तिकडे कॉम्प्युटरवर सगळं शोधून काढते, म्हणून तुला आधी माझ्याकडून कळावं.

तायस्तो मे महिन्यापासून चर्चजवळच्या वृद्धनिवासात आहे. खोली रस्त्याकडेला आहे, त्यानंच मागून घेतली. रस्ता कुणी कसा झाडला यावर दिवसभर शेरे मारतो. दाराला आतून कडी आहे, ती लावतो. मी आले की उघडतो. शनिवारी मी त्याला घरी आणते, विल्हो आधाराला येतो, सॉना होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच म्हणतो, चल, सोड मला. मी झोपते. सकाळी जाग येते तेव्हा उजाडलेलं असतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतंय. त्यालाही.

तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी तू माझा हात धरून म्हणाली होतीस, तायस्तोलाही शेवटी घरातूनच जाऊ दे. मी हो म्हटलं होतं. ते मी विसरलेले नाही, आणि तूही विसरली नसशील. म्हणून आधी बटाट्यांचं लिहिलं.

जुलैत येणार आहेस, ते ये. रागावली असशील तर रागासकट ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन, पण तुला घरी नेणार नाही. आधी त्याच्या दाराशी सोडेन आणि मी गाडीतच बसून राहीन. त्याला सगळं विचार, माझ्यादेखत मात्र नको. तो काय म्हणाला ते मला सांगू नकोस. हवा तेवढा वेळ घे.

तुझ्या भावाची बायको, पूर्वीइतकीच,

इर्या